समुद्र न दिसणारे बंदर: अँटॉप हिल आणि मार्सेय

अँटॉप हिलपासून पूर्वेची खाडी फार दूर नाही. तरीही तेथील कुटुंबाला समुद्रावर जायचे असते तेव्हा ते शहर ओलांडून पश्चिमेला, दादरच्या चौपाटीवर जाते. मधल्या पूर्व पट्ट्यात मिठागरे, गोदामे, तेलाच्या टाक्या, रूळ आणि बंदराच्या भिंती आहेत. बंदरामुळे घडलेल्या शहराला स्वतःचेच बंदर का दिसत नाही, याचा मागोवा या धाग्यात. तुलनेसाठी फ्रान्समधील मार्सेय. १९१० मधील सावरकरांच्या उडीमुळे मराठी वाचक ज्याला ‘मार्सेलिस’ म्हणून ओळखतो, तेच.

सुमारे २६०० वर्षांपूर्वी ग्रीक दर्यावर्दींनी वसवलेल्या मार्सेयचे जुने बंदर शहराच्या पोटातच आहे. वाफेच्या जहाजांना ते अपुरे पडू लागले, तेव्हा उत्तरेला ला जोलिएत येथे नवी गोदी उभी राहिली. १८६९ मध्ये सुवेझ कालवा खुला झाला आणि मुंबई व मार्सेय एकाच जलमार्गावर आली. बिस्केचा खवळलेला उपसागर टाळू पाहणारा लंडनचा प्रवासी रेल्वेने मार्सेयला येई आणि तेथे मुंबईच्या बोटीत चढे.

मुंबईत १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्टची स्थापना झाली. १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक, १८८८ मध्ये व्हिक्टोरिया डॉक, १९१४ मध्ये अलेक्झांड्रा डॉक. पण गोदी म्हणजे केवळ धक्का नव्हे; उतरलेला माल ठेवायला त्याहून कितीतरी अधिक जागा लागते. ती माझगाव ते शिवडी समुद्र हटवून मिळवण्यात आली आणि १९१५ मध्ये बॅलार्ड पिअर ते वडाळा अशी बंदराची स्वतंत्र रेल्वे सुरू झाली. कुलाब्याचा कापूसबाजार शिवडीकडे हलला. ‘कॉटन ग्रीन’ हे स्थानकाचे नाव त्याचीच खूण. अशा रीतीने वडाळा आणि अँटॉप हिल बंदराचे परसदार झाले.

भिंतींना कारणे होती. जकात न भरलेल्या मालावर पहारा आवश्यक होता. आगीचे भयही काल्पनिक नव्हते: १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजावर कापूस आणि स्फोटके एकत्र होती. त्या स्फोटांत शेकडो माणसे दगावली. त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जवान होते.

भिंतीआड जाणाऱ्या माणसांविषयी मात्र शहराने फारशी उत्सुकता दाखवली नाही. टोळीवाल्यामार्फत रोजच्या रोज काम मिळे. जहाज नसले तर मजुरी नाही. १९४८ च्या गोदी कामगार कायद्याने या अनिश्चिततेला आळा घालण्याची वाट मोकळी केली. ती स्थिरता पुरती रुजते न रुजते तोच कंटेनर आला आणि शेकडो हातांचे काम एक क्रेन करू लागली. १९८९ मध्ये समोरच्या किनाऱ्यावर न्हावा-शेवा बंदर सुरू झाले व मोठी जहाजे तिकडे वळली. मार्सेयचेही तसेच झाले होते. तेथील अवजड मालवाहतूक १९६० च्या दशकापासून पश्चिमेच्या फॉसकडे जाऊ लागली होती.

रित्या झालेल्या जागेचे दोन्ही शहरांनी काय केले, हे पाहण्यासारखे आहे. २०१३ मध्ये मार्सेयने वापरात नसलेल्या धक्क्यावर भूमध्य संस्कृतीचे भव्य संग्रहालय उघडले. त्याच वर्षी मुंबईने बंदराच्या छपरांवरून जाणारा पूर्व मुक्त मार्ग खुला केला. एकाने माणसांना पाण्यापाशी आणले, दुसऱ्याने मोटारींना वेगाने पुढे नेले! मार्सेयचे उदाहरणही सर्वस्वी निर्मळ नाही. ला जोलिएतलगतच्या ‘रू द ला रेपुब्लिक’वरील कित्येक जुन्या भाडेकरूंना नूतनीकरणात घरे सोडावी लागली.

मुंबईत बंदराच्या जमिनीचा विचार करण्यासाठी २०१४ मध्ये राणी जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. या जमिनीवर बागा, जेट्टी आणि मनोरे यांचे आराखडे निघत राहिले. परंतु शिवडी-वडाळ्याच्या याच पट्ट्यात गोदी कामगारांच्या चाळी आणि वस्त्या आहेत. भिंत पडल्यावर तेथून समुद्र पाहायला ही कुटुंबे तिथे उरतील की नाही, हे आराखड्यातल्या हिरव्या रंगावरून कळत नाही.