बेल लॅब्जपासून लॅम्डापर्यंत: एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलचा मागोवा

नाटे गावच्या मच्छीमारांना भरती-ओहोटीच्या वेळा मोबाइलवर कळवणारा एखादा छोटा प्रोग्राम आपण कल्पून पाहू. तो अ‍ॅमेझॉनच्या मुंबई विभागात, लॅम्डा सेवेवर चालतो. त्याला डेटाबेसचा पासवर्ड लागतो, पण तो कोडमध्ये लिहायचा नसतो, बाहेरून पुरवायचा असतो. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून मूल्य पुरवण्याच्या या रीतीचा उगम शोधायला आपल्याला बेल लॅब्जमध्ये जावे लागते. १९७५ च्या युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीत प्रोग्रामला सोबत दिलेले आर्ग्युमेंट तेवढे मिळत. मग जॉन मॅशी यांनी पीडब्ल्यूबी युनिक्सच्या शेलमध्ये एकाक्षरी व्हेरिएबल आणली: ‘एस’मध्ये वापरकर्त्याची डिरेक्टरी, ‘पी’मध्ये प्रोग्राम शोधण्याचा मार्ग. मॅशींचे नाव आज या संदर्भात क्वचितच निघते, ही खंत वाटण्याजोगी गोष्ट आहे. कारण १९७९ च्या सातव्या आवृत्तीत, स्टीव्ह बोर्न यांच्या शेलबरोबर आलेली ‘होम’ आणि ‘पाथ’ ही ‘एस’ आणि ‘पी’ यांचीच पुढची पिढी. आता प्रत्येक नव्या प्रोसेसला पालक प्रोसेसकडून नाव आणि मूल्य यांच्या जोड्या वारशाने मिळू लागल्या. लेकराने त्यात काही बदलले, तरी पालकाकडची प्रत तशीच राही.

१९८३ मध्ये डॉस २.० ने ही कल्पना घरगुती संगणकांवर आणली. पण आपल्या दृष्टीने मोठे वळण १९९३ चे. एनसीएसएच्या सीजीआय पद्धतीत वेबवरच्या प्रत्येक विनंतीसाठी नवी प्रोसेस जन्माला येई आणि विनंतीचा तपशील ‘क्वेरी स्ट्रिंग’सारख्या व्हेरिएबलमधून वाची. काम आले की जागे व्हायचे, उरकले की संपायचे. लॅम्डासारख्या सर्व्हरलेस सेवांचे हे खरे पूर्वज. पुढे २०११ मध्ये हेरोकूचे अ‍ॅडम विगिन्स यांनी ‘ट्वेल्व्ह-फॅक्टर अ‍ॅप’मध्ये दंडक घातला: कोड या क्षणी जगाला खुला केला, तरी एकही गुपित फुटता कामा नये. लॅम्डा २०१४ मध्ये जाहीर झाली, मुंबई विभाग जून २०१६ मध्ये उघडला आणि लॅम्डाला एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल मिळाली ती नोव्हेंबर २०१६ मध्ये, सगळी मिळून ४ केबीच्या मर्यादेत. तिथले घड्याळ मुळात यूटीसीवर चालते. टाइमझोन सांगणाऱ्या ‘टीझेड’ व्हेरिएबलमध्ये आशिया/कोलकाता घातले नाही, तर नाट्याची सकाळी ६ ची भरती रात्री १२:३० ची दिसेल.

मधल्या काळात जावास्क्रिप्टच्या जगात बंडलर आले. वेबपॅकचे डिफाइन प्लगइन किंवा २०२० चे ईएसबिल्ड शेकडो फाइल एकत्र बांधताना ‘प्रोसेस.ईएनव्ही’चा, म्हणजे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलचा, उल्लेख खोडून तिथे प्रत्यक्ष मूल्य लिहू शकतात. ब्राउझरला याची गरजच होती, कारण तिथे प्रोसेस नसते. सर्व्हरवर मात्र ही सोय घातक ठरते: बांधणीच्या दिवशीचा पासवर्ड बंडलमध्ये कायमचा गोठतो आणि नंतर लॅम्डात तो कितीही बदलला, तरी कोड जुनाच वापरतो. म्हणून नोडसाठी बांधताना ईएसबिल्ड आपण होऊन ‘नोड-ईएनव्ही’लाही हात लावत नाही; मला हा संयम फार मोलाचा वाटतो. चाचणीचे की खरे काम, हे सांगणारी ही खूण आपण स्वतः बांधणीच्या वेळी भरावी, म्हणजे निरुपयोगी कोड गळून बंडल हलके होते. गुपिते मात्र चालतानाच वाचावीत. बंडल चढवण्यापूर्वी त्यात पासवर्डची पहिली चार अक्षरे ग्रेपने शोधावीत. सापडली, तर बांधणीची सेटिंग दुरुस्त करून पासवर्डही बदलावा.