सुप्त विषाणू जागा होतो तेव्हा...

गाई-बैलांच्या श्वसनमार्गाचा दाह करणारा आणि गाभण गाईंचा गर्भपात घडवणारा 'आयबीआर' हा रोग गोवंशीय हर्पिस विषाणू-१ मुळे होतो. अमेरिकेत १९५० च्या दशकात तो प्रथम ओळखला गेला. भारतातही तो आढळतो. यातून बरे झालेले जनावर विषाणूमुक्त मात्र होत नाही. त्याचे कारण विषाणूची जनुके कशी चालू-बंद होतात, यात दडले आहे.

या विषाणूच्या डीएनएवर सुमारे ७० जनुके असतात. तत्काळ, आरंभीची आणि उत्तरकालीन अशा तीन टप्प्यांत ती कार्यान्वित होतात. पेशीत शिरताना विषाणू 'व्हीपी-१६' हे प्रथिन सोबतच आणतो. ते पेशीतील प्रथिनांच्या साहाय्याने तत्काळ जनुकांच्या प्रवर्तकाला, म्हणजे जनुक सुरू करणाऱ्या डीएनएच्या भागाला, चालना देते. त्यातून 'बीआयसीपी-०' आणि 'बीआयसीपी-४' ही नियंत्रक प्रथिने तयार होतात. पैकी 'बीआयसीपी-०' पुढील सर्व टप्प्यांतील जनुकांना चेतवते. त्याच्या जनुकाला आणखी एक प्रवर्तक असल्याने पहिला थंडावला तरी त्याची निर्मिती सुरू राहते.

संसर्ग ओसरल्यावर विषाणू चेहऱ्याच्या संवेदना वाहणाऱ्या ट्रायजेमिनल मज्जातंतूशी निगडित चेतापेशींत दडून बसतो. तेथे बहुतेक जनुके मूक होतात. केवळ सुप्तावस्थेशी संबंधित एक जनुक ठळकपणे कार्यरत राहते. ते 'बीआयसीपी-०'च्या जनुकासमोरील धाग्यावर, उलट दिशेने असते.

वाहतूक, वेत किंवा आजारपण यांच्या ताणाने शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढते. पेशीतील त्याचा ग्राहक तत्काळ जनुकांच्या प्रवर्तकालाच जाऊन चिकटतो आणि मूक जनुके पुन्हा बोलू लागतात. डेक्सामेथासोन हे कृत्रिम स्टेरॉइड टोचल्यावर सुप्त संसर्ग असलेल्या वासरांत विषाणू जागा होतो, हे प्रयोगांत वारंवार दिसले आहे.

निरोगी दिसणारा वळू वीर्यावाटे रोग पसरवू शकतो, तो यामुळेच. म्हणून गोठित वीर्य केंद्रांत वळूंची आयबीआर चाचणी महत्त्वाची ठरते. लस रोगाची तीव्रता घटवते. चेतापेशीत दडलेला विषाणू मात्र ती काढून टाकू शकत नाही.