‘जिवंत’ सर्व्हर आणि ‘सुस्थितीतील’ सर्व्हर : वेब ॲप्लिकेशनवरील देखरेखीचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
सर्व्हरच्या प्रकृतीवर देखरेख ठेवण्याचा इतिहास हा केवळ साधनांचा इतिहास नाही. यंत्राला कोणता प्रश्न विचारावा, याविषयीची समज कशी बदलत गेली, याचाही तो इतिहास आहे. प्रस्तुत लेखात या बदलाचे प्रमुख टप्पे तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रारंभीचे टप्पे :
डिसेंबर १९८३ मध्ये अमेरिकन लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीतील माइक मूस यांनी ‘पिंग’ हा छोटा प्रोग्रॅम लिहिला. सोनार यंत्राच्या ध्वनीवरून त्याला हे नाव मिळाले. दूरच्या संगणकाला संदेश पाठवणे व त्याचा प्रतिध्वनी किती वेळाने येतो हे मोजणे, एवढेच त्याचे कार्य होते. १९८८ मध्ये ‘सिम्पल नेटवर्क मॅनेजमेंट प्रोटोकॉल’ प्रसिद्ध झाला आणि निरनिराळ्या कंपन्यांच्या उपकरणांना एकाच भाषेत माहिती विचारणे शक्य झाले. त्याच्याच आधारे टोबियास ओटिकर यांनी १९९५ मध्ये जोडणीवरील भाराचा आलेख काढणारे ‘एमआरटीजी’ प्रसिद्ध केले. ईथन गॅलस्टॅड यांचे १९९९ मधील ‘नेटसेंट’ पुढे ‘नागिऑस’ या नावाने सर्वत्र पोहोचले.

जुन्या प्रश्नाची मर्यादा :
पिंगला उत्तर देते ती ऑपरेटिंग सिस्टिम, वेब ॲप्लिकेशन नव्हे. त्यामुळे डेटाबेस ठप्प झाला तरी प्रतिध्वनी येतच राहतो. यंत्र जिवंत असते, परंतु सेवा मृत झालेली असते.

हेल्थकेअर डॉट गव्हचा धडा :
१ ऑक्टोबर २०१३ रोजी अमेरिकन शासनाने आरोग्यविम्याच्या नोंदणीसाठी हे संकेतस्थळ खुले केले. अंतर्गत टिपणांनुसार पहिल्या दिवशी केवळ ६ जणांची नोंदणी पूर्ण झाली. अनेक कंत्राटदार आपापला भाग सांभाळत होते. मात्र संपूर्ण यंत्रणेची स्थिती एकत्रित दाखवणारा फलक कोणाकडेच नव्हता. दुरुस्तीसाठी आलेल्या अभियंत्यांनी प्रथम असा फलक उभारला. १ डिसेंबर २०१३ च्या शासकीय अहवालानुसार प्रतिसादाचा सरासरी काळ ८ सेकंदांवरून १ सेकंदाच्या आत आला, तर चुकांचे प्रमाण सुमारे ६ टक्क्यांवरून १ टक्क्याच्या खाली उतरले. मोजमापामुळे दोष आपोआप दूर झाले नाहीत. परंतु कोणता दोष आधी दूर करावा, हे मोजमापाशिवाय ठरवता आले नसते.

समारोप :
गूगलच्या अभियंत्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात विलंब, रहदारी, चुका आणि संपृक्तता ही चार लक्षणे देखरेखीसाठी मूलभूत मानली आहेत. यांपैकी विलंब व चुका या दोहोंची झळ थेट वापरकर्त्याला बसते, ही बाब महत्त्वाची आहे. विमा, प्रवेश वा शिष्यवृत्ती यांसाठी संकेतस्थळाचे दार हेच एकमेव दार असते, तेव्हा सर्व्हर चालू असल्याची ग्वाही पुरेशी ठरत नाही. दारापर्यंत आलेल्या माणसाचे काम झाले काय, हाच खरा प्रश्न होय. आणि त्याचे उत्तर देण्याची जबाबदारी कोणाची, हे संकेतस्थळ खुले करण्यापूर्वीच निश्चित व्हावयास हवे.