शस्त्रक्रिया, नियोजित : वजनाचा परिणाम

तातडी नसताना तारीख ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर (हर्निया, पित्ताशयातील खडे, गर्भपिशवी काढणे, गुडघेबदल) रुग्ण किती लवकर सावरेल, हे त्याच्या वजनावरही अवलंबून असते. चरबीच्या जाड थराला रक्तपुरवठा तुटपुंजा असल्याने स्थूल रुग्णाचे टाके पिकण्याचा धोका वाढतो. पायाच्या शिरेत गुठळी होणे, भुलीच्या वेळी श्वासाला अडथळा येणे हेही संभवते. मात्र वजन थोडेसेच जास्त असलेल्यांपेक्षा फार कृश रुग्ण अधिक दगावतात, असे मोठ्या पाहण्यांत दिसले आहे.

शरीरभार निर्देशांक (किलोतील वजन भागिले मीटरमधील उंचीचा वर्ग) १८.५ च्या खाली गेला की वजन कमी समजतात. भारतीयांसाठी २३ पासून जादा वजन आणि २५ पासून स्थूलता धरतात. पण काटा पुरेसा नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे जॉन युडकिन या दोघांचाही निर्देशांक २२.३ होता, चरबी मात्र याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के आणि युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के भरली (२००४).

ऊसतोडीला जाणाऱ्या बीड जिल्ह्याच्या पट्ट्यात कृशतेची बाजू अधिक गंभीरपणे घ्यायला हवी. बीडमधील ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली (२०१९, नीलम गोऱ्हे समिती). यांतल्या किती शस्त्रक्रिया खरोखर गरजेच्या होत्या, हा प्रश्न वजनाच्याही आधीचा. दीड मीटर उंचीच्या, ४० किलोच्या बाईचा निर्देशांक १७.८ येतो. अंगात रक्त कमी, त्यात स्नायू झिजलेले. अशा शरीराजवळ जखम भरायला शिल्लक फारशी नसते. टाके निघताच ती कोयता घेऊन फडात उतरली किंवा तिने मोळी उचलली, तर ताण थेट कच्च्या जखमेवर येतो.

सहा महिन्यांत दहा टक्क्यांहून अधिक वजन आपोआप घटले असेल, तर शक्य तेव्हा शस्त्रक्रिया एक-दोन आठवडे पुढे ढकलून आधी पोषण सुधारतात. शस्त्रक्रियेनंतर डाळ-भाताने पू होतो, या समजुतीने घरोघरी तो बंद करतात. त्याला वैद्यकीय आधार नाही. डॉक्टरांनी खायला परवानगी दिल्यावर डाळ, अंडी, दूध यांतल्या प्रथिनांनीच जखम भरते.