पडद्यावरील अक्षरांस वाचा फुटली

कस्तुरबा गांधी मार्गावरून, म्हणजे जुन्या कर्झन रोडवरून, मी रोज कचेरीस जातो. या एकाच रस्त्यावर अमेरिकन सेंटर व ब्रिटिश कौन्सिल ही दोन ग्रंथालयांची ठिकाणे, आणि इंडिया गेटच्या अंगास आपले नवे महाराष्ट्र सदन. ब्रिटिश कौन्सिलच्या दर्शनी भिंतीवर काळ्या दगडात व शुभ्र संगमरवरात वटवृक्षाची छाया रेखिली आहे, असे सोबती सांगतात. मी ती पाहिलेली नाही. मला दृष्टी नाही. परंतु आतील ग्रंथांशी माझा परिचय आहे, आणि तो कसा झाला हे सांगण्यासाठी थोडा इतिहास सांगावयास हवा.

संगणकाचा पडदा वाचून दाखविणाऱ्या यंत्रणेचा उगम एका मैत्रीत आहे. जिम थॅचर हे आयबीएममधील गणितज्ञ. त्यांचे गुरू जेसी राइट अंध होते. त्यांच्या सहवासातून १९८६ साली आयबीएमचा 'स्क्रीन रीडर' आला. त्या काळी पडद्यावर पंचवीस ओळी, प्रत्येकीत ऐंशी अक्षरे, असा साधा मामला असे. अक्षरे यंत्राच्या स्मृतीत अक्षरे म्हणूनच नांदत. ती उचलावयाची व कृत्रिम आवाजाच्या स्वाधीन करावयाची, एवढेच काम. १९८९ साली टेड हेन्टर या, अपघातात डोळे गमावलेल्या मोटारसायकल-शर्यतपटूने 'जॉज' काढले. पुढे विंडोजने पडद्याचे चित्रच करून टाकले, आणि अंधांचे धाबे दणाणले. चित्र रेखाटण्याचे हुकूम मधल्यामधे टिपून त्यातून अक्षरे पुन्हा जुळविण्याचा खटाटोप करावा लागला. विंडोजसाठीचे 'जॉज' १९९५ साली निघाले.

या इतिहासात पुण्याचाही वाटा आहे, हे आपल्यापैकी फारच थोड्यांस ठाऊक असते. टी. व्ही. रामन यांचा जन्म पुण्याचा. काचबिंदूमुळे चौदाव्या वर्षी दृष्टी गेली, तरी वाडिया महाविद्यालयात त्यांनी गणित घेतले. पुढे मुंबईच्या आयआयटीत त्यांनी वक्ररेषा कानांनी 'पाहता' येतील अशी आज्ञावली रचिली. कॉर्नेल येथे १९९४ साली पूर्ण केलेल्या प्रबंधात गणिताची सूत्रे बोलून दाखविणारी यंत्रणा सिद्ध केली. तिचे नाव 'अ‍ॅस्टर', आणि त्यांच्या वाटाड्या कुत्रीचेही तेच! १९९५ च्या 'ईमॅकस्पीक'मागचा त्यांचा विचार मला फार मोलाचा वाटतो. पडद्यावर दिनदर्शिका असली तर साधा वाचक आकड्यांची रांग घडाघडा म्हणून दाखवितो. रामन यांची आज्ञावली वार व तारीख सांगते. दिसते काय, याहून त्याचा अर्थ काय, हे तिला कळते.

मी स्वतः 'जॉज' शिकलो तो २००६ साली, मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी म्हणून. कानांत अमेरिकन धाटणीचे इंग्रजी, तेही भरधाव! पहिला आठवडा एकही वाक्य कळले नाही. पण एके दिवशी स्वतः टाइप केलेले पत्र, कुणाची विनवणी न करता, स्वतःच वाचून त्यातील चूक दुरुस्त केली. त्या दिवशी मी जेवलोच नाही, इतका आनंद झाला होता.

मराठी मात्र लवकर बोलेना. युनिकोडमध्ये देवनागरीस १९९१ पासून जागा होती, विंडोज २००० मध्ये तिची सोयही झाली. तरीही कचेऱ्यांतून जुने टंक चालूच राहिले. टंकलेखनयंत्राच्या कळफलकावर बेतलेला असा एक टंक माझ्या वाट्यास पहिल्याच नेमणुकीत आला. डोळ्यांस त्यात 'भारत' दिसे; माझ्या कानांत एच, के, के, जे, आर अशी इंग्रजी अक्षरे पडत. वरिष्ठ म्हणत, "फाईल तर स्वच्छ आहे!" ती स्वच्छ होतीच, त्यांच्यापुरती.

पुढे युनिकोड रुळले, २००६ पासून ऑस्ट्रेलियात घडत गेलेली 'एनव्हीडीए' ही विनामूल्य आज्ञावली हाती आली, आणि मराठी उच्चारणारा आवाजही मिळाला. थोडा घोगरा, पण आपला. तरी कागदाची छबी काढून धाडण्याची खोड गेलेली नाही. छबीत अक्षर नसते. यंत्र गप्प बसते. परवा आलेले एक परिपत्रक असेच होते. शेजारच्या सहकाऱ्याने सवडीने वाचून दाखविले, तेव्हा त्यातील अर्जाची मुदत आदल्या दिवशीच संपल्याचे कळले.