लायलॅकचं कुंपण कोणी पसरवलं?

लायलॅक हे मोगरा आणि पारिजातक यांच्याच कुळातलं, जांभळ्या सुगंधी घोसांचं, थंड हवेतलं झुडूप. त्याचा इतिहास बहुधा राजदरबारापासून सांगितला जातो. ऑटोमन सुलतान सुलेमानकडे हाब्सबुर्ग सम्राटाचा वकील असलेला बुसबेक १५६२ मध्ये व्हिएन्नाला परतला आणि त्याच्यामार्फत हे झाड पश्चिम युरोपच्या बागांत पोचलं. हे खरं असलं, तरी सरदारांच्या बागा आणि साध्या शेतकऱ्याच्या अंगणाची कड यांत फार अंतर आहे. माझ्या मते ते अंतर लायलॅकने तोडलं ते आपल्या मुळांतून फुटणाऱ्या फुटव्यांच्या बळावर. केळीच्या मुनव्यांसारखे हे फुटवे खणून शेजाऱ्याला देता येतात. बियांपासून वाढवलेल्या लायलॅकला फुलायला बरीच वर्षं लागतात आणि फूल आईसारखं येईलच असं नाही. फुटवा मात्र हुबेहूब आईसारखाच येतो, तोही फुकट. मूळ घरी, बाल्कनच्या खडकाळ उतारांवर झाडाला तगवणारी हीच खोड कुंपणात दोन रोपांमधली फट बुजवते.

याचा सर्वांत बोलका पुरावा अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागात आहे. लायलॅक तिथलं मूळचं नाही. दक्षिणेकडे व्हर्जिनियात, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या थॉमस जेफरसनच्या बागेच्या वहीत १७६७ साली त्याची नोंद आहे, पण जेफरसन मोठा जमीनदार. सामान्यांचा पुरावा न्यू इंग्लंडच्या रानात सापडतो. एकोणिसाव्या शतकात पश्चिमेकडच्या सुपीक जमिनीच्या ओढीने तिथली कितीतरी शेतं ओस पडली, लाकडी घरं कुजून गेली. उरले ते दगडी तळघरांचे खड्डे आणि त्यांच्या काठावरची लायलॅकची जाळी. ज्यांची नावं कुठल्याच वहीत नाहीत, अशा माणसांनी ती लावली होती. यावर कोणी म्हणेल, ही झुडपं दाराशी शोभेसाठी लावलेली, त्यांना कुंपण कसं म्हणायचं? आक्षेप रास्त आहे. हिवाळ्यात पानं झडली की लायलॅकचा आडोसाही उरत नाही. पण दाराशी लावलेल्या एका झुडपाची भिंतीएवढी जाळी होते, ती फुटव्यांमुळेच. कुंपण लावणारा त्याच वाढीला ओळीत बसवतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: आजचे शेकडो वाण तर रोपवाटिकांनीच दिले. फ्रान्समधल्या नान्सी शहरात व्हिक्टर लमॉइनने १८७० मध्ये, जर्मन फौजा शहरात असताना, लायलॅकचे संकर सुरू केले. त्याची नजर अधू होती, म्हणून शिडीवर चढून फुलाफुलाला पराग लावण्याचं नाजूक काम त्याची पत्नी मारी-लुईझ करी. या जोडप्याच्या कामाबद्दल मला अपार आदर आहे. पण असे वाण पुष्कळदा कलम करून विकले गेले, आणि कलमाच्या जोडाखालून येणारा फुटवा खुंटाचा असतो, वाणाचा नव्हे. असं झाड विकत घेता येतं, शेजाऱ्याला देता येत नाही. म्हणून लमॉइनने लायलॅकचं रूप पालटलं, तरी त्याचा प्रसार आधीच होऊन गेला होता.

अमेरिकेत किंवा कॅनडात घर केलेल्या मराठी वाचकांनी लायलॅकचं कुंपण लावायचं ठरवलं, तर भरपूर उन्हाची जागा निवडावी आणि कलम न केलेलं, स्वतःच्या मुळांवरचं रोप घ्यावं. शेजारी जुनी जाळी असेल तर फुटवाच मागावा. छाटणी मात्र फुलं सरल्या सरल्या करावी, कारण पुढच्या वर्षीच्या कळ्या त्याच उन्हाळ्यात धरतात.