साखर कारखान्याच्या गावातलं रॉकेट

मागच्या आठवड्यात मामाच्या मुलाचा फोन आला. तो नगरच्या एमआयडीसीत सीएनसी मशीन चालवतो. म्हणाला, "दादा, स्पेसएक्ससारख्या कंपन्या आपल्याकडंही निघाल्यात म्हणे. आपल्यासारख्या पोरांना तिथं चान्स आहे का?" मी कोडिंग करणारा माणूस, पटकन उत्तर सुचलं नाही. म्हणून आजचा हा भाग.

सुरुवात घराजवळून करू. आमचं गाव राशीनजवळ, कर्जत तालुक्यात. भिगवणकडं निघून भीमेवरचा पूल ओलांडला की पुणे जिल्हा लागतो. तिथून पुढं इंदापूर तालुक्यात वालचंदनगर आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९३०च्या दशकात तिथं साखर कारखाना उभा केला. पुढं ही कंपनी साखर कारखान्यांची यंत्रं आणि बॉयलर बनवू लागली. १९७०च्या दशकात तिच्याकडं इस्रोचं काम आलं. काम होतं रॉकेटच्या मोटर केसिंगचं.

केसिंग म्हणजे नुसतं नळकांडं नाही बरं का. घन इंधनाच्या रॉकेटमध्ये इंधन त्यातच भरतात आणि ते तिथंच जळतं. पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्यात जवळपास १३९ टन इंधन असतं, आणि केसिंगचा व्यास २.८ मीटर. वेल्डिंगमध्ये बारीक चीर राहिली तरी खेळ खलास. जाड पत्रा वळवणं, जोडणं, दाब देऊन तपासणं हे बॉयलरवाल्यांच्या हातातलं काम. १४ जुलै २०२३ ला चांद्रयान-३ उडालं, तेव्हा त्याच्या बूस्टरचे भाग वालचंदनगरचे होते. विकास इंजिनं विक्रोळीच्या गोदरेजमध्ये बनतात.

मग खासगी कंपन्या आत्ता आल्या असं का म्हणतात? आयटीवाल्यांना हे लगेच कळेल. आजवर या कंपन्या सर्व्हिस कंपन्या होत्या. डिझाइन इस्रोचं, रॉकेट इस्रोचं, यांनी सांगितलेला भाग बनवून द्यायचा. जून २०२० मध्ये सरकारनं दार उघडलं, आणि प्रॉडक्ट कंपन्यांना वाट मिळाली. हैदराबादच्या स्कायरूटचं विक्रम-एस १८ नोव्हेंबर २०२२ ला ८९.५ किलोमीटर उंच गेलं. ते कक्षेत जाणारं रॉकेट नव्हतं, पण स्वतःचं होतं. चेन्नईच्या अग्निकुलनं ३० मे २०२४ ला थ्रीडी प्रिंट केलेल्या इंजिनावर उड्डाण केलं.

फरक पडतो तो अपयशात. स्पेसएक्सचं फाल्कन-१ लागोपाठ ३ वेळा फसलं, चौथ्यांदा, सप्टेंबर २००८ मध्ये, कक्षेत पोचलं. सर्व्हिस कंपनीला भागाचे पैसे मिळतात. प्रॉडक्ट कंपनीचं रॉकेट पडलं तर पैसे तिचेच बुडतात.

यात एक गंमत आहे. याच वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर १९४० मध्ये बेंगळुरूत हिंदुस्तान एअरक्राफ्ट काढली. युद्धाच्या काळात, १९४२ मध्ये, ती सरकारनं ताब्यात घेतली. आज तिला आपण एचएएल म्हणतो. २०२२ मध्ये याच एचएएलला एल अँड टीसोबत ५ पीएसएलव्ही अख्खी बनवायचं काम मिळालं.

तर भावा, चान्स आहे, आणि तो ५० वर्षांपासून आहे. तुझ्या मशीनवरची मायक्रॉनची शिस्त तिथं लागतेच. फक्त आता नोकरी धरताना एक प्रश्न विचार: रॉकेट पडलं तर ही कंपनी दुसरं बनवायला टिकेल का?

भेटू पुढच्या भागात!